काळी मखमल

तिथं नको, इकडे बसा, हवालदार. त्या बाकड्यावर सरस सांडलाय. चिकटलात तर महिपत गावभर सांगेल, काशीरामनं पोलिसाला धरून ठेवलं म्हणून. चुलतभाऊ आहे माझा, तोंडाला कुलूप नाही त्याच्या. पाणी? नको? का नको? मंडणगडावरनं एवढ्या उन्हात चालत आलेला माणूस पाणी नको म्हणतो — म्हणजे प्यालात तुम्ही. आणि वाटेत घर एकच, महिपतचं. बरं, बरं. तहानेला काय, कुणाचंही चालतं. परवान्याच्या चौकशीला आलात म्हणता? परवाना सरायला अजून दिवाळी जायचीय. मागच्या खेपेला मी हेलपाटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुणी बस म्हणालं नाही — आणि आता सरकार आपल्या पायांनी माझ्या ओटीवर? आलात ते आलात. मी काम थांबवणार नाही. बघत बसा.

बंदूक आत आहे, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. ही तिची पेटी. मुंबईला गोदीवर पहाऱ्याला होतो, तिथल्या साहेबानं विलायतेला जाताना दिली. चोरलेली नाही — तसं बघताय म्हणून सांगितलं. गेल्या निवडणुकीला तुम्ही लोकांनी बंदुका जमा करून घेतल्यात, तेव्हा ही पेटी ठाण्यात कुठल्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवलीत? परत आली ती बुरशी घेऊन. पावसाळाभर घरात कुजका वास. बुरशीचं कापड ओल धरतं आणि ओल नळी खाते. म्हणून सगळं अस्तर कोमट पाण्यानं भिजवून सोडवलं, जुना सरस खरवडला, लाकूड रॉकेलनं पुसलं, उन्हात तापवलं. राही म्हणाली, खळीनं चिकटवा, सरसाला घाण मारते. बायको आहे, बोलणारच. खळीला झुरळं लागतात हे तिला कोण सांगणार! या नव्या मखमलीवर हात फिरवून बघा. असा नाही — इकडून. लव नळीच्या तोंडाकडे झुकलेली पाहिजे. मला बोटांनीच कळतं. बघायला लागत नाही.

काय म्हणालात? पाडी? हां, आता आलात मुद्द्यावर! म्हटलंच, नुसत्या परवान्यासाठी कोण एवढा घाट चढेल? मग लिहा नीट. गेल्या शनिवारी तिन्हीसांजेला मी शेतात माचावर बसलो होतो. भात लोंबीला आलंय, रानडुकरं उतरली की एका रात्रीत लोळवतात. बांधाकडचं भात हललं, आणि एक काळं धूड वर आलं. काळं म्हणजे कोळशासारखं. मी बार काढला. ते ओढ्याकडे कलंडलं. मी खाली उतरलो नाही — जखमी डुकरापाशी काळोखात कोण जातो? तुम्ही जाल? आणि सकाळी महिपत बोंबलत दारात — माझी पाडी मारलीस! अहो, त्याची पाडी तांबडी. अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, तांबडीलाल पाडी. मी मारलं ते काळं. मग कुणी दुसऱ्यानं मारली असेल. त्या केरूकडे एक ठासणीची आहे, बिनपरवान्याची — हे मी बोललो नाही हां.

डोळे? डोळ्यांचं कुणी काढलं? त्यानंच ना? आणि तुम्ही पाणंदीतनं येताना मी पोस्टमन म्हणून हाक मारली, ती थट्टा होती. खाकी कपडा ओळखतो मी. शिबिराला आलेला तो डॉक्टर — धड मिशी फुटलेली नाही, तो म्हणे मोतीबिंदू. आमचा दत्ताराम मुंबईहून येतो तो तेच घेऊन येतो, बाबा, चला, कापून घ्या. का एवढी घाई? मी तिकडे खाटेवर पडलो की इकडे बंदूक विकायला मोकळा. सगळे टपलेत तिच्यावर, सगळे. डुकरं उतरली की ही वाडी माझ्या दारात उभी राहते — आप्पा, उठा, आप्पा, चला. ज्यांची पोरं कधी वाकून नमस्कार करत नाहीत तेसुद्धा. बंदूक गेली तर कोण येईल? आप्पा जेवला का, एवढंसुद्धा कोण विचारेल? — ते लिहू नका. खोडा ते.

डोळेच तपासायचे आहेत ना? मग हे बघा. ही मखमल मी स्वतः रत्नागिरीला जाऊन आणली. दुकानदारानं ताग्यावर तागे टाकले पुढ्यात, त्यातनं मी काळी निवडली. तेलाचा डाग पडला तरी काळ्यावर दिसत नाही. कोपरे बघा कसे बसलेत. एक सुरकुती दाखवा. आंधळ्याचं काम आहे हे?

ठेव गो राही, चहा तिथं. साखर बेताची घातलीस ना? — काय? काय म्हणालीस? पुन्हा बोल. हवालदार, ऐकलंत? म्हणते, एवढी लालभडक कशाला आणलीत, नवरानवरीच्या खुर्चीसारखी दिसते. लाल! कुणी शिकवलं तुला? महिपतच्या दमयंतीनं? विहिरीवर दोघींचं गुळपीठ चालतं ते मला कळत नाही वाटतं? आणल्यापासून घरात पडलीय मखमल, तू घडी घालून ठेवलीस, तेव्हा का नाही बोललीस? — काय? मोठ्यानं बोल. मला वाईट वाटेल म्हणून?

तुम्ही सांगा हो, हवालदार. तुम्ही सरकारचे, तुम्हाला ना माझं देणं ना तिचं. काळी ना? — अहो, बोला. खाली काय बघताय? थांबा, ही ओटीच अंधारी आहे. अंगणात नेतो पेटी. सोडा, मी उचलतो, मला येते उचलायला. हं. आता उन्हात —

हं.

उन्हात जराशी... तांबूस आहे.

ती पाडी लगेच गेली का हो? का सकाळपर्यंत ओढ्यात तशीच — नको. सांगू नका.

चहा घ्या आणि उठा. बंदूक मी आणून देतो ठाण्यावर. मी, माझ्या हातानं. तुमच्या खांद्यावरनं गेलेली या वाडीनं बघायची नाही. महिपतला तुम्ही काही बोलू नका, त्याच्याकडे मी जाईन. राही, दार लोटून घे. कुणी हाक मारली तर आप्पा घरात नाहीत म्हण.

उठा म्हटलं ना.