शेअरवाली धर्मशाळा

देवरावांची सावनेरची शेवटची गाडी चुकली. इतवारी स्टेशनात ते रात्र काढायला बसले, तर शेजारी एका अनोळखी बाईनं गाठोडं आदळलं. मागून तिचा नवरा आला.

“तुमी शेअर घेतलेल्या धर्मशाळेत आपल्यालेच जागा नाही म्हणते!”

“खोल्यायत कापसाच्या गाठी भरल्या वं.”

“खालची दुकानं भाड्यानं, वरच्या खोल्या मुसाफिराले फुकट. नफ्याचा नफा, पुण्याचं पुण्य. तुमीच सांगत होते नं?”

“नफा चांगला आला. म्हणून वरच्याही भाड्यानं दिल्या.”

“कोणं दिल्या?”

“मीटिंगमंदी सगळ्यायनं हात वर केले.”

“अन् तुमी?”

“मी एकट्यानंच हात काहून खाली ठेवाचा?”

बाईनं फरशीवर सतरंजी झटकून टाकली.

“घ्या. निजा आता त्या नफ्यावर.”