उजव्या पायाचा गियर

मल्लेश : हात लावू नका वहिनी, सायलेन्सर तापलाय. सकाळपासून चालू-बंद, चालू-बंद करून राहिलो.

मंजुषा : दुकानात ठेवायच्या गाडीचा सायलेन्सर तापतो कशाला, मल्लेशभाऊ?

मल्लेश : दुकानात?

मंजुषा : आमच्या जळकोटच्या कापड दुकानात. काउंटरच्या बाजूला, मामंजींच्या फोटोखाली. त्यांची बुलेट, त्यांची आठवण. गिऱ्हाईक बघेल, कौतुक करेल. मला तर असंच सांगितलंय यांनी.

मल्लेश : उमाशंकर मालक, हे काय? मग नवे टायर, नव्या लायटी, क्लचच्या प्लेटा कशाला टाकायला लावल्या मला? नुसती ठेवायची तर पॉलिश मारून कवाच दिली असती की.

उमाशंकर : मल्लेश, तू जरा इंजिनाचं टॅपेट बघ. आवाज येतोय.

मल्लेश : गाडी बंद हाय, मालक.

मंजुषा : अहो, इकडं बघा. चालवायचीय तुम्हाला?

उमाशंकर : हाव.

मंजुषा : इथून, नांदेडहून जळकोटपर्यंत?

उमाशंकर : पहिल्यांदा तेवढंच. मग पुढं बघू.

मंजुषा : आणि पाय? चालताना तुमचा डावा पंजा सतरंजीच्या कडेला अडकतो. उंबऱ्याला अडकतो. त्या पायानं गियर टाकणार?

उमाशंकर : म्हणून तर ही गाडी. आताच्या गाड्यांना गियर डाव्या पायाला. पंजा वर उचलावा लागतो, ते मला आता कधी जमायचं न्हाई. पण अप्पांची ही बुलेट जुनी. हिचा गियर उजवीकडं, किक उजवीकडं. डाव्या पायाला नुसता ब्रेक. तो दाबायचा असतो. दाबता येतंय मला.

मल्लेश : हे मात्र खरं हाय वहिनी. लोक म्हणतेत, गियर डावीकडं करून दे. मी मालकाला तसंच विचारलं होतं. मालक म्हणले, हात लावशील तर खबरदार.

मंजुषा : स्कूटी घेऊन दिली होती मी. तिच्यावर कापड टाकून ठेवलंय तुम्ही.

उमाशंकर : स्कूटीला पाय लागतच न्हाई, मंजू. मला पाय लावायचाय.

मंजुषा : अर्धापूरच्या रस्त्यावर तुम्ही केळीच्या टेम्पोखाली पडलात, तेव्हा पाय ठेवायचा की काढायचा, असं विचारत होते मला दवाखान्यात. मला एकटीला. व्हरांड्यात उभी राहून मी म्हणाले, ठेवा. काहीबी करा, पण ठेवा. पुन्हा त्या व्हरांड्यात उभं राहायची ताकद नाही माझ्यात.

उमाशंकर : माहीत हाय.

मंजुषा : कार शिकले. थरथरत शिकले. शाळेत जायच्या आधी तुम्हाला दुकानात सोडते, शाळा सुटली की आणते. कंधार म्हणा, उदगीर म्हणा. कुठं जायचं म्हणालात आणि मी नाही म्हणाले, असं एकदा तरी झालं का?

उमाशंकर : कधीच न्हाई झालं.

मंजुषा : मग?

उमाशंकर : तेच गं. कुठं जायचं असलं की तुला सांगावं लागतं. सांगितलं की कशाला जायचं तेबी सांगावं लागतं. त्या दिवशी तळ्यावर जाऊन बसावं वाटलं. काम काहीच नव्हतं. तू पेपर तपासत होतीस. मग राहू दिलं.

मंजुषा : पेपर ठेवून आले असते मी.

उमाशंकर : आलीच असतीस. पण मला एकट्याला जायचं होतं.

(मल्लेश तोच पाना पुन्हा पुन्हा पुसतो.)

मंजुषा : हे मला घरी सांगता आलं नाही?

उमाशंकर : न्हाई म्हणाली असतीस.

मंजुषा : म्हणालेच असते. मग तुम्ही भांडायचं. पूर्वी भांडत होतात की. एवढ्या-तेवढ्यावरून घर डोक्यावर घेत होतात. आता सगळ्याला हो म्हणता आणि मागून थाप मारता. गाडीचा राग नंतर. आधी याचा आहे.

उमाशंकर : चुकलं माझं.

मंजुषा : मल्लेशभाऊ, गाडी मोठ्या स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी राहू द्या. आणि तुम्ही बसा वर.

उमाशंकर : मी?

मंजुषा : मग काय मी? बसा. पाय ब्रेकवर ठेवा. थांबा, मधे माझा हात घालते.

मल्लेश : वहिनी, बोटं सापडतील!

मंजुषा : रोज सकाळी व्यायाम करताना हाच पाय माझ्या तळहातावर दाबतात. किती जोर आहे ते माझ्या हाताला ठाऊक आहे. हं, दाबा. अजून. आहे जोर. आता सोडा.

उमाशंकर : सोडला.

मंजुषा : नाही सोडला.

उमाशंकर : अगं, सोडलाय की.

मंजुषा : तुम्हाला वाटतंय. पंजा तसाच पडून आहे, माझी बोटं अजून दबलेलीच आहेत. आता हात काढते. मल्लेशभाऊ, मागचं चाक फिरवून बघा बरं.

मल्लेश : घासून राहिलंय. हाव वहिनी, ब्रेक लागलेलाच हाय. मालक असेच गेले असते तर लोहा गाव यायच्या आतच मागच्या ब्रेकचा ड्रम तापून लाल. मग ऐन वक्ताला कितीबी दाबा, गाडी थांबली नसती.

उमाशंकर : म्हणजे संपलं.

मल्लेश : मालक, जरा...

उमाशंकर : न्हाई, ती म्हणते ते बरोबर हाय. मला कळलंबी न्हाई पाय पडलाय ते. टेम्पोत घाल उद्या. ठेवू दुकानात, फोटोखाली.

मंजुषा : एवढ्यावरच?

उमाशंकर : मग काय करू?

मंजुषा : मला थाप मारून नांदेडपर्यंत आणलंत, आणि एवढ्यावर गप बसता? मल्लेशभाऊ, हे ब्रेकचं पायडल खाली घेता येतं का?

मल्लेश : येतं की. स्क्रू हाय खाली. पंजा लोंबला तरी टेकणार न्हाई, इतकं खाली घेतो. अन् स्प्रिंग दमदार टाकतो. पाय चुकून पडला तरी पायडल त्याला तोलून धरेल. पण मालक, दाबायला जोर जास्ती लागेल हां.

मंजुषा : जोर आहे. आणि पट्टा घाला.

उमाशंकर : कोणता पट्टा?

मंजुषा : पंजा उचलून धरणारा. कपाटात ठेवून दिलात ना, दुकानात लोक बघतात म्हणून.

उमाशंकर : तो तर जळकोटला राहिला.

मंजुषा : कारच्या डिकीत आहे. कुठंबी निघाले की टाकते मी. आणते.

मल्लेश : मालक, वहिनी तिकडं गेल्यात तवर सांगतो. तुम्ही मला आधीच सांगायला पाहिजे होतं. पायाचं. मी माझ्या पायाच्या हिशेबानं बसवलं सगळं.

उमाशंकर : मी लंगडतो ते दिसत होतं की तुला.

मल्लेश : दिसत होतं. विचारायचं कसं?

मंजुषा : घ्या. बूट काढा, मी बांधते.

उमाशंकर : मी बांधतो.

मंजुषा : बरं. बांधा.

मल्लेश : स्प्रिंग बसली. दाबा मालक. सोडा. गुडघ्यातून उचला, गुडघ्यातून. वहिनी, चाक फिरवता का?

मंजुषा : फिरतंय. मोकळं फिरतंय. पुन्हा दाबा. सोडा. पुन्हा.

मल्लेश : आता चालू करू. हँडलवरची ही डिकॉम्प्रेसरची दांडी दाबून किक हळू खाली आणा, मग एकच मारा, मनापासून. हाव! ऐकलं? सकाळी धाप लागल्यासारखी चालत होती. थांबा, हवेचा स्क्रू जरासा फिरवतो... आता ऐका. ठोका बघा कसा, एकसारखा.

मंजुषा : मामंजी वाड्याच्या वळणावर आले की हाच आवाज यायचा. सासूबाई चुलीवर तवा ठेवायच्या.

उमाशंकर : एक चक्कर मारून येऊ? नाक्यापर्यंत?

मंजुषा : मला विचारू नका.

मल्लेश : जावा मालक. थांबताना उजवा पाय टेकवा, त्याच्या आधी टाचेनं न्यूट्रल करा... गेले. वहिनी, आवाज ऐका. दुसरा टाकला. बरोबर टाकला.

मंजुषा : वळले का?

मल्लेश : टँकर आडवा आलाय, दिसून न्हाई राहिलं.

मंजुषा : आवाज बंद झाला.

मल्लेश : बंद न्हाई. हळू झाला. नाक्यावर गर्दी असते या टायमाला.

मंजुषा : मल्लेशभाऊ, काहीतरी बोलत राहा हो.

मल्लेश : काय बोलू? माझ्या बायकोला अजून बुलेटवर बसवलं न्हाई मी. ती म्हणते, तेल गळतं, लुगडं खराब होतं... ते बघा. आले.

मंजुषा : आले.

उमाशंकर : म्हैस आली आडवी. सरळ मधेच. थांबली गाडी. जागच्या जागी थांबली. अन् पाय सुटला, मंजू. मी खाली वाकून बघितलंबी न्हाई.

मंजुषा : घाम आलाय तुम्हाला.

उमाशंकर : दोन्ही पायांना काम होतं गं.

मंजुषा : मग निघा आता. उजेड आहे तोवर कंधार मागं पडेल. हेल्मेट नीट लावा. वाटेत फोन करू नका, पोचल्यावर करा.

उमाशंकर : तू कारनं मागं हायस ना?

मंजुषा : येते. या तुम्ही.

मल्लेश : गेले बघा. वहिनी, तुम्हीबी निघा की. आता निघालात तर सिडकोच्या पुढंच गाठताल.

मंजुषा : गाठायचं नाही मला. इथं चहा चांगला कुठं मिळतो, मल्लेशभाऊ?