कुसुमताईंची कपबशी

आर. के. पुरमच्या बसथांब्यावर माझ्यामागे एक मराठी जोडपं उभं होतं.

"कुसुमताई एका मतानं पडल्या. आणि तुम्ही दिल्लीहून मुद्दाम मत द्यायला गेला होतात!"

"हळू बोल, यार."

"सख्खी बहीण नगरपंचायतीला अपक्ष उभी राहिली. कपबशीचं बटण दाबायचं, एवढंच काम होतं."

"अगं, बोट आपोआप जुन्या चिन्हावर गेलं. आमच्याकडे आजोबांपासून तेच चालतं."

"अच्छा! आणि ताई संशय घेतायत माझ्या जावेवर. रेवतीचे वडील त्या पक्षाचे तालुकाध्यक्ष ना! तिच्याशी बोलणंच टाकलंय त्यांनी."

"होईल शांत चार दिवसांत."

"ती बिचारी देवासमोर शपथा घेतेय. ताईंना फोन लावा आणि खरं काय ते सांगा."

"बस आली बघ."

"जाऊ दे ती बस. आधी फोन!"

त्यांनी फोन लावला.

"हॅलो, ताई? हो, कळलं. फार वाईट झालं. काय म्हणतेस, घरातलंच कोणी फुटलं? रेवती? हं... माणसाचं काही सांगता येत नाही बघ."

"द्या तो फोन इकडे!"