जॅकखालची फळी

आम्ही मूळचे पाचोडच्या पलीकडचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली तवा बाप मालकाची बैलगाडी हाकीत व्हता, मग मालकानं जीप घेतली आन तिच्यावर मपला थोरला भाऊ दत्तूदादा ड्रायव्हर लागला, दादाच्या हाताखाली मी. आता शहरात उस्मानपुऱ्यात राहतो, पन काय सांगू तुम्हाला, जीव अजून त्या काळ्या रानातच फसलेला हाय.

काळी माती भिजली की लोनी. तिच्यात नुसता जॅक लावला तर गाडी वर येत नाय, जॅकच खाली जातो. म्हनून दादानं बाभळीची जाड फळी करून घेतली व्हती. आधी फळी, फळीवर जॅक, बाकीच्या चाकांला दगड, आन बसलेली समदी मानसं खाली. दर डावाला म्हनायचा, गाडी जॅकवर हाय तवर तिच्यावर इश्वास ठेवायचा नाय. मी हसायचो, म्हनायचो दादा, तू तर सासूवानी बोलतो.

त्या साली खंडेनवमीला म्या गाडीची हत्यारं धुतली, तेल लावलं, पाने, पकड, जॅक, समदं मालकाच्या वसरीत मांडलं. पाट घावला नाय म्हनून खाली तीच फळी घातली. मला तर लई बरं वाटलं, म्हनलं हिलाबी हळदकुंकू लागू दे, वर्सभर चिखलात पडती. आमच्यात मांडलेली पूजा दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवत नायत. आन दुपारीच मालकाचा पावना आला, त्याला रान बघायचं व्हतं, मालक म्हनले काढा गाडी. दादानं देवाला हात जोडून जॅक आन पाना तेवढा उचलला, मला म्हनला फळी तू घे. फळी काढायची म्हंजी समदी पूजाच मोडायची. म्या म्हनलं व्हय, घेतो. आन घेतलीच नाय.

परतीचा पाऊस नुकता पडून गेलेला. रानाच्या मधोमध मागचं चाक पंक्चर झालं. दादानं गाडीत हात घातला, फळी नाय. माझ्याकडं बघितलं. मग त्यानंच बांधावरून एक चपटा दगड आनला, त्याच्यावर जॅक लावला. दादा म्हनला मालक, जरा उतरता का. मालक म्हनले अरे बूट भरतील चिखलानं, आमच्या दोघांच्या वजनानं काय व्हतंय, तू उरक लवकर. दादा खाली बसला, डावा पाय गाडीखाली लांबवून चाक ओढाय लागला, आन पावना बघाय म्हनून ह्या अंगाला सरकला. दगड चिखलात गेला, जॅक कलला, गाडी दादाच्या पायावर आली.

गुडघ्यापासून पाय काढला. मालकानं गावभर सांगितलं, दत्तूचा हलगर्जीपना नडला. आरं, आन तुमचे बूट? तुमच्या बुटापायी मानसाचा पाय गेला ते का नाय सांगितलं? पन म्याबी कुठं सांगितलं. मालकाचं नाव काढलं की फळीची गोष्ट निघती, म्हनून म्याबी तोंड शिवून बसलो. मालक गेले, जीप भंगारात गेली, तरी शिवलेलंच हाय. आज तुमच्याम्होरं पहिल्यांदा उसवलं.

दादा माझ्याजवळच असतो, आतल्या खाटेवर. म्या पुढं जल्मभर भाड्याच्या गाड्या हाकल्या, त्यानं एका शब्दानं इचारलं नाय की फळी कुठं व्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान पाय धरून रडलो असतो. पन दर खंडेनवमीला सकाळीच तो खाटेवरून खाली उतरतो, सरकत सरकत जाऊन कोपऱ्यातली तीच बाभळीची फळी ओढतो, भिताडाला लावून तिच्यावर बसतो आन मला म्हनतो, हं, मांड आता पूजा. मी खाली कागद आंथरतो, पाने मांडतो, कुंकू लावतो. दुसऱ्या दिवशी पूजा उचलस्तोवर तो फळीवरून उठत नाय, जेवनबी तिथंच. असू द्या. देव त्याला शंभर वर्सं ठेवो, असाच माझ्याम्होरं बसलेला ठेवो.