बाटलेला ओव्हन

तुमी ओव्हन घ्यायचं म्हणताय ना, आधी सासूला इचारा बायांनो. आमच्या सैपाकघरात देव्हारा, म्हणून कोंबडी गोठ्यातच शिजते आन् सगळे तिथंच जेवतात. परवा लेकीनं ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेल्या चिकनचा आन् ओव्हनमधल्या फ्राईजचा हट्ट धरला. म्या ओव्हन उचलून म्हशीशेजारी मांडला, घरातनं वायर ओढली.

सासूबाईंनी बाजंवर बसून पाच तुकडे खाल्ले. "लई कुरकुरीत झालंय," म्हणल्या.

जेवणं झाल्यावर मी ओव्हन पुसून आत न्यायला लागले, तर त्याच सासूबाई दारात आडव्या. "त्यो बाटला. राहू दे गोठ्यात."

"आत्या, त्यात निस्ते बटाटे भाजलेत. कोंबडी स्टोव्हवर तळली."

"पण कोंबडीचा हात लावलास न्हवं त्याला?"

"हात माझेच हायत. मग मी पण गोठ्यातच राहू का?"

"तुझं येगळं. डोक्यावरनं पाणी घे आन् ये आत. सकाळी भाकरी कोण थापणार?"

ओव्हन अजून गोठ्यातच हाय. सुटला गडी.