पहिलं सुकेळं

नायगावला बसच्या रांगेत लतिकाताईंच्या पुढे बहीण-भाऊ उभे होते. बहिणीच्या हातात केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, उन्हात सुकवलेल्या केळ्यांची पुडी.

“केयूर, आजीच्या हातची ही शेवटची सुकेळी. ती गेल्यापासून नुसती बघतोय आपण.”

“पहिलं परक्याला, मग घरच्यांना. तिचाच नियम ना?”

“अरे, पण सतराव्या मजल्यावर परका येतो कोण?”

“कुरिअरवाला.”

“तो गेटवरच ठेवून जातो.”

“वाडीत बरं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची.”

“आणि आजी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. ‘ऊन नीट लागलं का रे?’”

“मला एकदा दम निघेना. कुंपणाबाहेर गेलो, परत आत आलो. म्हटलं, आजी, आता मी परका.”

“मग?”

“दिलं की! वर म्हणते, ‘पाव्हनं, पानी देऊ?’”

दोघं खूप हसली. बहीण पुडी सोडत मागे वळली.

“मावशी, एक घ्याल?”

लतिकाताईंनी हात पुढे केला. मधासारखं काळपट सुकेळं त्यांनी सावकाश चावलं. दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“ऊन नीट लागलंय,” त्या म्हणाल्या.

बस आली, रांग पुढे सरकली. तिघं तिथंच चघळत उभी राहिली.