फील फ्री म्हणजे नक्की कोण मोकळं?

...नाही पण, मोकळं वाटून घ्या म्हणे! तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं त्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतोय, पण या दोन शब्दांत अडकलो तसा कशात अडकलो नव्हतो. फील फ्री. आमच्या नव्या मॅडम उठता-बसता म्हणतात. पहिल्याच दिवशी, "काही अडलं तर फोन करा, फील फ्री." आता मला अडलं रविवारी, त्याला मी काय करू? केला फोन. पलीकडून एवढंच, "आज... रविवार ना?" बरं, मग म्हणाल्या, "माझं काही चुकलं तर सांगा, फील फ्री." सांगितलं, मॅडम, तुमच्या नकाशात जिना थेट संडासाच्या दारात उतरतोय. तेव्हापासून माझं टेबल जिन्याखाली.

मुलीला विचारलं, बाई गं, याचा अर्थ तरी काय? ती म्हणे, "संकोच करू नका, असा." तेवढ्यात बायको आतून, "अहो, पाहुण्यांना आपण 'आपलंच घर समजा' म्हणतो ना, तसं ते. म्हणायचं असतं, समजायचं नसतं." मोकळं वाटून घ्या म्हणे!

कालचंच ऐका. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पाच वाजता पट्टी काढायची, मी न्यायला येतो असं कबूल केलेलं, आणि नेमकी चारला मीटिंग. साडेचारला मॅडम म्हणाल्या, "कुणाला निघायचं असेल तर फील फ्री." मी उठलो! वही उचलली, दारापर्यंत गेलो, आणि वळून बघतो तर नऊ माणसं माझ्याकडे बघताहेत, मॅडम पेनाला टोपण लावून थांबल्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काय केलं असेल मी? पंख्याचं बटण दाबलं, "उकडतंय नाही फार?" म्हटलं, आणि येऊन बसलो. पावणेसातपर्यंत. थंडीचे दिवस, सगळे कुडकुडताहेत, पण पंखा बंद करा म्हणायची छाती कुणाची?

घरी आलो तर शेजारच्या वहिनींचा हात धरून बायको जाऊन, पट्टी काढून परतही आलेली. काळा चष्मा लावून बसली होती. लाज वाटली हो, खरंच वाटली. म्हटलं, "शुक्रवारी पुन्हा दाखवायचंय ना? मी येतो, नक्की." तर शांतपणे म्हणते, "जमलं तर या. नाही जमलं तरी चालेल. फील फ्री."

चष्म्याआडचं काही दिसेना, पण अर्थ मात्र पहिल्या झटक्यात कळला. शुक्रवारची रजा अजून मंजूर नाही, तरी जाणार. न जायची मोकळीक मिळालीय ना... मग जावंच लागणार.